गंजलेली चेन ठेवायची की बदलायची: आधी सांधे तपासा, रंग नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरजवळ गावच्या घरी वडिलांची बावीस इंची सायकल आठ-दहा वर्षं पडवीत उभी होती. ती आता तुम्हाला पुन्हा चालवायची आहे. चेन वरून खालपर्यंत तांबूस झाली आहे आणि काही कड्या वाकतच नाहीत. कोणी व्हिनेगरमध्ये बुडवायला सांगतं, कोणी स्प्रे मारायला. दुकानदार म्हणतो, चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं लहान दातेरी चाक) आणि चेनव्हील (पेडलपाशी असलेलं मोठं दातेरी चाक) असा सगळा संचच बदलून टाका.

मी कोकणातच सायकली दुरुस्त करतो. पावसाळा संपला की माळ्यावरून, पडवीतून, गोठ्यातून बाहेर काढलेल्या अशा सायकली दरवर्षी माझ्याकडे येतात. त्यामुळे तुमच्या चेनचं चित्र डोळ्यासमोर आहे. पण चेन हातात घेतल्याशिवाय ती वाचेल की नाही हे मीही सांगू शकत नाही. म्हणून ते तुम्हीच कसं ओळखायचं, हे आधी सांगतो.

खरा प्रश्न गंजाचा नाही, गंज कुठे आहे याचा आहे. १८८० मध्ये मँचेस्टरला हान्स रेनॉल्ड यांनी बुश-रोलर चेनचं पेटंट घेतलं. तुमच्या सायकलची चेन आजही त्याच रचनेची आहे. बाहेरच्या दोन पट्ट्या, आतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन, पिनेभोवती बारीक नळीसारखा बुश आणि बुशावर फिरणारा रोलर. पट्ट्यांचं काम फक्त ओढ सहन करण्याचं. झीज होते ती पिन आणि बुश यांच्यामध्ये, कारण प्रत्येक कडी दातावर बसताना आणि सुटताना तिथेच वळते. पट्ट्यांवरचा तांबूस थर दिसायला वाईट दिसतो, पण चेन त्याने मरत नाही. चेन मरते ती पिन आणि बुशाच्या मधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीत गंज शिरल्याने. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून ती फट भरून जाते आणि कडी अडकते.

म्हणून पहिलं काम म्हणजे चेन उतरवणं. सायकलवर असताना तिचा नीट अंदाज येत नाही. तुमच्या सायकलला पूर्ण चेनकव्हर असेल तर मागचा तुकडा स्क्रू काढून वेगळा होतो. पेडल हळूहळू फिरवत चेनचं लॉक शोधा. सगळ्या कड्यांत एकाच कडीवर माशाच्या आकाराची चपटी क्लिप दिसेल. क्लिपचं एक टोक उघडं असतं, दुसरं बंद. प्लायरने उघड्या टोकाकडून बंद टोकाच्या दिशेने ती सरकवली की सुटते. बोटांनी झाकून धरा, नाहीतर उडून गवतात जाते आणि मग सापडत नाही. क्लिप गंजून पातळ झाली असेल तर ती परत वापरू नका. नवं लॉक दुकानात सहज मिळतं, फक्त तुमच्याच मापाचं घ्या.

आता चेन वर्तमानपत्रावर पसरा आणि एकेक कडी दोन बोटांत धरून वाकवा. चार-पाच कड्या अडकलेल्या असतील तर अजून आशा आहे. दर चार कड्यांमागे एक अडकत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: तिच्यावर वेळ घालवू नका. त्यानंतर पट्ट्या बघा. वरचा तांबूस थर नखाने किंवा तारेच्या ब्रशने घासल्यावर खाली गुळगुळीत करडं लोखंड दिसलं तर तो नुसता वरवरचा गंज. पापुद्रे सुटत असतील, खड्डे पडले असतील, पट्टीची कड कुरतडल्यासारखी दिसत असेल किंवा एखादा रोलर फुटलेला किंवा गायब असेल, तर ती चेन टाका. अशी चेन एरवी चालते, पण चढावर उभं राहून पेडल मारताना तुटते. त्या क्षणी सगळं वजन एका पेडलवर असतं, त्यामुळे माणूस थेट दांडीवर किंवा रस्त्यावर पडतो. जोखीम घेण्याची ही जागा नव्हे.

या परीक्षेत चेन पास झाली असं धरू. आता स्वच्छता.

तुमचं घर समुद्राजवळ आहे, म्हणून एक पायरी जास्त लागेल. आमच्याकडच्या गंजात मीठ असतं. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि ते तेलात विरघळत नाही. मीठ आत असताना वरून कितीही तेल घातलं तरी तेलाखाली गंज चालूच राहतो. त्यामुळे चेन आधी गरम पाण्यात, भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने धुवा आणि दोनदा साध्या गरम पाण्यातून काढा. झटकून, फडक्याने पुसून लगेच कडक उन्हात ठेवा. हे काम जुलैत करू नका. दिवाळीनंतरची कोरडी हवा यासाठी उत्तम. देशावर, सोलापूर-नगरकडे कोरड्या खोलीत ठेवलेल्या सायकलीला ही पायरी सहसा लागत नाही. तिथे गंजापेक्षा वाळून डिंक झालेल्या जुन्या तेलाचा आणि धुळीचा त्रास जास्त असतो.

सुकल्यावर चेन डिझेलमध्ये रात्रभर बुडवा. पूर्वी आम्ही रॉकेल वापरायचो, आता ते सहजी मिळत नाही. डिझेल तेच काम करतं आणि थोडं तेलकट असल्याने सांध्यात शिरायला बरं. पेट्रोल मात्र वापरू नका. त्याची वाफ लांबवर पसरते आणि पडवीत चूल किंवा देव्हाऱ्यातला दिवा असेल तर भडका उडायला वेळ लागत नाही. डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळलं तर अडकलेल्या कड्यांना आणखी मदत होते. सकाळी तारेच्या ब्रशने बाहेरून घासा, आणि मग कंटाळा न करता प्रत्येक सांधा हाताने वर-खाली वाकवा. जी कडी अजून ऐकत नाही ती दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी धरून आडव्या दिशेने किंचित हलवा. किंचितच. त्याने पट्ट्यांमधली पकड सैल होते. पुन्हा डिझेलचे दोन थेंब, पुन्हा वर-खाली. एका दिवसात सुटली नाही तर आणखी एक रात्र बुडवून ठेवा. दोन रात्रींनंतरही घट्ट असलेल्या कडीवर हातोडा चालवण्यात अर्थ नाही. आणि गॅसच्या ज्योतीवर तर अजिबात धरू नका. पिन आणि बुश कडक केलेल्या पोलादाचे असतात, तापवल्यावर तो कडकपणा जातो आणि मग ते भराभर झिजतात.

व्हिनेगरबद्दल तुम्ही मुद्दाम विचारलंय म्हणून सविस्तर सांगतो. चिंच-कोकमाने तांब्याचा हंडा लखलखतो, तसंच आंबटाने लोखंडावरचा गंजही निघतो, हे खरं आहे. मडगार्डच्या दांड्या, घंटी, कॅरिअरचे नटबोल्ट यांना मीही कधीकधी वापरतो. चेनला वापरत नाही, आणि त्याला कारणं आहेत. हंड्याचा पृष्ठभाग उघडा असतो, धुतला की आंबट निघून जातं. चेनमध्ये ते बुशाच्या आत शिरतं आणि कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. आत राहिलेलं आम्ल गंज संपल्यावर चांगलं लोखंड खायला लागतं. बाहेरून चकाचक झालेली चेन काही तासांत पुन्हा केशरी होते, ती याचमुळे, कारण उघडं पडलेलं ताजं लोखंड ओल्या हवेत लगेच गंजतं. शिवाय आम्ल आणि लोखंडाच्या क्रियेत हायड्रोजन तयार होतो. कडक पोलाद तो शोषून घेतं आणि ठिसूळ होऊ शकतं. नेमकी पिनच सगळ्यात कडक असते. लिंबूसत्वाचंही तेच.

बाजारातला डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे वाईट नाही, पण त्याचं काम वेगळं आहे. तो पाणी हटवतो आणि अडकलेलं सोडवतो. डिझेल हाताळायचं नसेल तर त्याऐवजी तो वापरा. पण तो वंगण म्हणून टिकत नाही. पातळ असल्याने उडून जातो आणि जाताना सांध्यात उरलेलं जुनं वंगणही धुऊन नेतो. स्प्रे मारून 'आता चेन मस्त फिरते' म्हणत पंधरा दिवसांत कुरकुर घेऊन येणारे बरेच जण मी बघतो. स्प्रेनंतर खरं तेल घालावंच लागतं.

चेन मोकळी झाली की मोजमाप. हे साफसफाईनंतरच करायचं, कारण अडकलेल्या कड्या वाकड्या राहतात आणि चेन आहे त्यापेक्षा आखूड भासते. आतला गंज निघून गेल्यावर जी फट उरते तीच खरी झीज. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच अंतर असतं, म्हणून २४ कड्यांचे १२ इंच व्हायला हवेत. चेन खिळ्याला टांगा, खालून थोडी ताणा, स्टीलची पट्टी घ्या (शिवणकामाची टेप नको, ती स्वतःच ताणते) आणि पहिल्या पिनेच्या मध्यापासून पंचविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा. नव्या चेनचं माप ३०५ मिलिमीटर येतं. तुमचं ३०६ च्या आसपास आलं तर चेन उत्तम आहे, निर्धास्त वापरा. ३०६ ते ३०८ च्या मध्ये असेल तर एकाच गिअरच्या जुन्या सायकलला ती अजून पुष्कळ दिवस चालते. ३०८ ओलांडलं म्हणजे एक टक्क्याहून जास्त झीज झाली. तिला निवृत्त करा.

लोक याला 'चेन ताणली' म्हणतात. पट्ट्या ताणलेल्या नसतात. शंभरावर सांधे प्रत्येकी केसभर झिजले, त्याची ही बेरीज असते.

इथे दुकानदाराच्या सल्ल्याकडे येऊ. संच बदला म्हणण्यामागे त्याचा तर्क चुकीचा नाही. चेन आणि दाते एकमेकांच्या संगतीने झिजतात. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टाकली की ती नीट बसत नाही, जोर आला की दातावर चढते आणि 'कट्' आवाज करून घसरते. पण तिन्ही भाग सारखेच झिजतात असं नाही. तुमच्या प्रकारच्या सायकलला पुढे बहुधा ४४ किंवा ४८ दाते असतात आणि मागे १८. मागचा प्रत्येक दात पुढच्यापेक्षा अडीच पट जास्त वेळा चेनखाली येतो, म्हणून फ्रीव्हील आधी जातं आणि चेनव्हील कितीतरी नंतर. चेन बदलायची वेळ आलीच तर फ्रीव्हीलही बदला. साध्या प्रतीचे दोन्ही मिळून हजार रुपयांच्या आत होतात. चेनव्हील मात्र आधी नीट बघितल्याशिवाय जाऊ देऊ नका.

हे मी पोटतिडकीने सांगतोय. जुन्या सायकलींची चेनव्हील जाड आणि चांगल्या पोलादाची असतात. रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांची डोकी कापलेली असतात, बीएसएच्या चेनव्हीलमध्ये कंपनीची अक्षरं. ती काढून त्या जागी पातळ पत्र्याचं नवं चेनव्हील बसवलं की सायकलचा चेहराच जातो, आणि काढलेलं चेनव्हील भंगारात किलोच्या भावाने जातं. दाते बाजूने बघा. दोन्ही उतार सारखे असतील तर चेनव्हील ठणठणीत आहे. लाटेसारखे एका बाजूला कललेले आणि टोकदार झाले असतील तरच बदला. दुसरं कारण व्यवहाराचं आहे. हे चेनव्हील क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्याला, जोडलेलं असतं आणि क्रँक कॉटर पिनने, म्हणजे पाचरीसारख्या आडव्या पिनेने, अडकवलेला. दहा वर्षं गंजलेली कॉटर पिन ठोकून काढताना ती वाकते, कधी बीबी एक्सलही (दोन्ही क्रँकना जोडणारा मधला आस) दुखावतो. गरज नसताना तिला हात लावू नये.

म्हणजे आतापर्यंतचा हिशेब असा: कड्या सुटल्या, पट्ट्या खड्ड्यांविना निघाल्या आणि माप ३०८ च्या आत आलं, तर जुनी चेन तेल घालून परत बसवा आणि दुसरं काही बदलू नका. यातलं एक जरी बिघडलं तर चेन आणि फ्रीव्हील बदला, चेनव्हील ठेवा.

नवी चेन घेताना १/२ × १/८ इंच मापाची मागा. गिअरवाल्या सायकलींची चेन आतून अरुंद असते, ती तुमच्या जाड दात्यांवर बसणारच नाही. दुकानात जुनी चेन न्या, पण नव्या चेनची लांबी तिच्याशी लावून ठरवू नका. झिजलेली चेन एखादी कडी लांब भरते आणि त्या मापाने नवी कापली तर ती लांब होते. कड्या मोजा आणि आकडा जुळवा.

आता तेल. खोबरेल घालू का, असं बरेचजण विचारतात, कारण घरात तेच असतं. ते थंडीत थिजतं आणि कालांतराने खवट होतं. शेंगदाणा किंवा सोयाबीनचं तेल आणखी वाईट, ते हवेवर चिकट होत जातं. शिवणयंत्राचं तेल चेनला फार पातळ पडतं. चेनसाठी मिळणारं तेल असेल तर छान, नसेल तर मोटरसायकलचं इंजिन ऑइल किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल घ्या. बाहेरून ग्रीस थापण्याची आपल्याकडे सवय आहे. ती मोडायला हवी. ग्रीस सांध्यात शिरत नाही, बाहेरच बसून तांबडी माती पकडतं, आणि माती-ग्रीसचा लगदा चेनला पॉलिश पेपरसारखा घासत राहतो. तेल प्रत्येक रोलरच्या दोन्ही बाजूंना, आतली आणि बाहेरची पट्टी जिथे भेटते तिथे, एकेक थेंब सोडा. फट इतकी बारीक असते की ती तेल आपोआप आत ओढून घेते. तासाभराने कोरड्या फडक्याने बाहेरचं सगळं तेल पुसा. आतलं तेल काम करतं, बाहेरचं फक्त धूळ गोळा करतं.

पुसताना एक काळजी. पेडल फिरवत फडकं चेनवर धरण्याचा मोह होतो. चेनव्हीलच्या जवळ कधीही धरू नका. फडकं दात्यात ओढलं जातं आणि मागोमाग बोट जातं. मुलं मदतीला असतील तर त्यांना पेडलपाशी बसू देऊ नका. तेल रिमवरही पडू देऊ नका. ब्रेकचे रबर तिथेच लागतात.

चेन परत लावताना क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने जाते तिकडे ठेवायचं, म्हणजे वरच्या बाजूला असताना बंद टोक पुढे, हँडलकडे. उलटी लावली आणि तिचं उघडं टोक कुठे अडकलं तर क्लिप निघून जाते. मग मागचं चाक सरकवून चेनची ढील जमवा. वरच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली केल्यावर साधारण अर्धा ते पाऊण इंच हालचाल हवी. पण एकाच ठिकाणी तपासून थांबू नका. जुनं चेनव्हील क्वचितच तंतोतंत गोल फिरतं. पेडल पूर्ण फिरवून जिथे चेन सगळ्यात घट्ट होते तिथे ही ढील ठेवा. घट्ट चेन टापटीप दिसते, पण बीबी आणि मागच्या हबमधल्या (चाकाच्या मध्यातल्या) बेअरिंगच्या गोळ्या झिजवते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायलाच हवं अशी एक गोष्ट आहे, आणि माझ्या लेखी ती चेनपेक्षा महत्त्वाची आहे. ती म्हणजे फ्रीव्हील. त्याच्या आत बारीक खटके असतात, आम्ही त्यांना कुत्रे म्हणतो. पेडल पुढे मारलं की ते दात्यात अडकून चाक ओढतात. इतकी वर्षं सायकल उभी राहिली की आतलं जुनं ग्रीस वाळतं आणि कुत्रे आतच चिकटून बसतात. पेडल मारता मारता अचानक पाय रिकामा जातो. चेन तुटल्यासारखाच हा प्रकार आहे, आणि चेन कितीही चकचकीत असली तरी टळत नाही. सायकल आडवी ठेवा, फ्रीव्हील वर येईल अशी. फिरणारा आणि न फिरणारा भाग यांच्यामधल्या गोल फटीत शिवणयंत्राचं पातळ तेल सोडा आणि फ्रीव्हील उलटं फिरवत राहा. आत 'कटकट' असा स्वच्छ, एकसारखा आवाज यायला लागला की कुत्रे सुटले. आवाज मध्येच गायब होत असेल तर फ्रीव्हील बदला, मग चेनचं माप काहीही असो. दहा वर्षांपूर्वीचे ब्रेक-रबर दगडासारखे झालेले असतात. तेही या निमित्ताने बदला.

सायकल चालवायची नसून वडिलांची आठवण म्हणून जपायची असेल, तर यातलं निम्मं काम लागत नाही. धुवा, डिझेलने साफ करा, तेलाचं फडकं फिरवा आणि मूळ चेन तशीच राहू द्या. फक्त प्लास्टिकच्या कापडाने झाकू नका. आत ओल कोंडते आणि उघड्या हवेपेक्षा लवकर गंज धरतो. जुनी सुती चादर चालेल.

चालवणार असाल तर पहिली फेरी सपाट रस्त्यावर, बसूनच, जोर न लावता करा. परत आल्यावर चेन पांढऱ्या फडक्याने पुसा. सांध्यांतून तांबडा-तपकिरी लगदा येईल. पहिल्या वेळी तो यायलाच हवा, आतला मोकळा झालेला गंज तेलाबरोबर बाहेर पडतो. पुन्हा तेल घाला, दोन-चार दिवस डांबरी रस्त्यावरच चालवा, म्हणजे तांबड्या मातीने गोंधळ होणार नाही, आणि परत पुसा. फडकं काळं निघालं तर चेन वाचली. तरीही तांबडंच येत राहिलं तर बुशाच्या आत गंज चालू आहे, तेव्हा मोजमाप काहीही सांगो, नवी चेन घ्या. पहिल्या आठवड्यानंतर मागच्या चाकाचे नट आणि लॉकची क्लिप एकदा तपासा, कारण सरकवलेलं चाक थोडं बसतं आणि ढील बदलते.